जुना वायुनळ, नवे स्वच्छतागृह

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी असलेल्या जुन्या सार्वजनिक इमारतींमध्ये अलीकडे एक काम वारंवार निघते. कार्यालयात महिला कर्मचाऱ्यांची संख्या वाढलेली असते, शाळेतील पट वाढलेला असतो, किंवा जिना चढू न शकणाऱ्या नागरिकांसाठी खालच्या पातळीवर सोय करणे आवश्यक झालेले असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सार्वजनिक इमारती सर्वांना सुगम करण्याची जबाबदारी आल्यानंतर या कामाला कायद्याचेही बळ मिळाले आहे. अशा वेळी तळमजल्यावरील एखादी अडगळीची खोली किंवा तळघराचा एक कोपरा निवडला जातो आणि तेथे शौचकूप, बेसिन व नहाणी यांची नवी व्यवस्था करण्यात येते.

काम पूर्ण होते, फरशा चकचकीत दिसतात, उद्घाटनही पार पडते. परंतु महिना-दोन महिन्यांतच दुर्गंधीची तक्रार सुरू होते. फिनेलचा वापर वाढतो, सफाई कामगाराला बोल लावला जातो, आणि अखेरीस त्या खोलीला कुलूप लागते. वस्तुतः दोष बहुधा सफाईत नसतो. तो भिंतीआड असतो. नवी भांडी सांडपाण्याच्या नळाला जोडली गेली, परंतु हवेच्या नळाला जोडली गेली नाहीत, किंवा चुकीच्या ठिकाणी जोडली गेली, हे त्या दुर्गंधीचे एक नेहमीचे कारण असते. कारागीर ज्याला व्हेंट पाईप म्हणतात, त्या वायुनळाचे कार्य काय आणि इमारतीत आधीपासून असलेल्या वायुनळाला नवी भांडी जोडताना कोणती दक्षता घ्यावयास हवी, हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. नळ जोडण्याचे काम त्यांना करावयाचे नसले, तरी अंदाजपत्रक मंजूर करणे आणि काम ताब्यात घेणे त्यांच्याच हाती असते.

जलबंध म्हणजे काय?

प्रत्येक शौचकूपाच्या, बेसिनच्या आणि नहाणीच्या खाली नळाला एक बाक दिलेला असतो. त्यालाच ट्रॅप म्हणतात. त्या बाकात नेहमी थोडे पाणी साचून राहते. हे पाणी म्हणजे खोली आणि गटार यांच्यामधले दार होय. मैला व सांडपाणी त्यातून पुढे जाऊ शकते, परंतु गटारातील वायू मागे येऊ शकत नाही. या साचलेल्या पाण्याला जलबंध असे म्हणता येईल. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली अशा बाकदार नळाच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यानंतर अडीचशे वर्षांत भांड्यांचे आकार आणि नळांचे पदार्थ बदलले, तरी हे तत्त्व बदललेले नाही. आपल्या स्नानगृहातील जमिनीवरच्या ट्रॅपला देशभरच्या बांधकाम परिभाषेत ‘नहाणी ट्रॅप’ असेच नाव आहे. मराठी घरातला एक शब्द त्या निमित्ताने अभियंत्यांच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे.

शौचकूपाच्या जलबंधाची खोली साधारणतः ५० मिलिमीटर ठेवली जाते. हे माप किती नाजूक आहे हे एका तुलनेने स्पष्ट होईल. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. ५० मिलिमीटर हा त्याचा जेमतेम दोनशेवा भाग आहे. याचा अर्थ असा की, नळातील हवेचा दाब वातावरणापेक्षा अर्ध्या टक्क्याने जरी कमी वा अधिक झाला, तरी हे दार उघडण्याचा धोका निर्माण होतो.

जलबंध कसा तुटतो?

जलबंध तुटण्याची मुख्य कारणे चार आहेत. पहिले कारण स्वतःच्याच प्रवाहाचे. बेसिनमध्ये भरलेले पाणी एकदम सोडले की ते लांबट व अरुंद नळ पूर्ण भरून धावते आणि आपल्यामागे ट्रॅपमधील पाणीही ओढून नेते. डब्यातून रॉकेल नळीने काढताना जे घडते, तेच येथे घडते. शेवटी येणारा गुळगुळ आवाज ही त्याची खूण होय.

दुसरे कारण शेजारच्या प्रवाहाचे. वरच्या मजल्यावर पाणी सोडले असता ते उभ्या नळातून खाली येताना हवाही सोबत ओढते. त्यामुळे मागे दाब कमी होतो आणि त्याच नळाला जोडलेल्या दुसऱ्या भांड्याच्या ट्रॅपमधील पाणी ओढले जाते.

तिसरे कारण नेमके याच्या उलट आहे. वरून आलेले पाणी उभ्या नळाच्या पायथ्याशी आडव्या नळात वळते, तेव्हा त्याचा वेग एकाएकी मंदावतो, तेथे पाण्याची उसळी होते आणि पुढची हवा कोंडली जाते. ही कोंडलेली हवा सर्वांत जवळच्या ट्रॅपमधून वर येऊ पाहते. सर्वांत जवळचा ट्रॅप म्हणजे साहजिकच तळमजल्याचा किंवा तळघराचा. वरच्या मजल्यावर कोणी साखळी ओढली की खालच्या भांड्यात बुडबुडे येतात, ते यामुळेच. म्हणूनच खालच्या पातळीवरील भांडी उभ्या नळाच्या पायथ्यालगत कधीही जोडू नयेत. त्यांचा नळ स्वतंत्रपणे बाहेरच्या चेंबरमध्ये नेणे हा उत्तम मार्ग होय.

चौथे कारण बाष्पीभवनाचे. वापरात नसलेल्या ट्रॅपमधील पाणी हळूहळू उडून जाते. उन्हाळ्याच्या सुटीत बंद असलेली शाळा जूनमध्ये उघडताच वास येतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. यावर वायुनळाचा उपाय नाही. बादलीभर पाणी ओतणे हाच उपाय आहे. सुटी लागण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भरून त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडल्यास पाण्यावर तेलाचा तवंग राहतो आणि बाष्पीभवन मंदावते.

पहिल्या तीन कारणांवरचा उपाय म्हणजे वायुनळ. तो नळातून वास बाहेर सोडण्यासाठी असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. त्याचे अधिक महत्त्वाचे कार्य असे की, नळात हवा कमी पडली तर बाहेरून पुरविणे आणि हवा कोंडली तर तिला वाट करून देणे, जेणेकरून ट्रॅपच्या दोन्ही बाजूंचा दाब समान राहील आणि जलबंध टिकेल.

जुना नळ ओळखावा कसा?

नवी भांडी जोडण्यापूर्वी इमारतीवरील नळांची ओळख पटवून घेणे ही पहिली पायरी आहे. जुन्या इमारतींच्या मागील भिंतीवर दोन-तीन उभे बिडाचे नळ दिसतात. त्यांतील मलनळ शौचकूपांचा मैला वाहून नेतो. सांडनळ स्नानगृह व बेसिनचे पाणी नेतो आणि गली ट्रॅपमार्गे चेंबरला मिळतो. तिसरा नळ केवळ हवेसाठी असतो. दोन्ही प्रकारचे सांडपाणी एकाच नळातून नेण्याची पद्धत असेल, तर मुख्य नळ आणि त्याला समांतर वायुनळ अशी जोडी असते. काही इमारतींत स्वतंत्र वायुनळ नसतोच. मलनळाचे वरचे टोक गच्चीच्या वर उघडे ठेवलेले असते आणि तेच वायुनळाचे काम करते.

एखादा नळ गच्चीच्या वर गेलेला आहे एवढ्यावरून तो केवळ वायुनळ आहे असे समजणे धोक्याचे ठरते. खात्री करण्याची रीत सोपी आहे. वरच्या प्रत्येक मजल्यावर एकेक करून पाणी सोडावे आणि खाली नळाला कान लावून ऐकावे. ज्या नळातून पाण्याचा आवाज येतो, तो वायुनळ नव्हे. त्यानंतर गच्चीवर जाऊन टोक पाहावे. टोकावरची जाळी शाबूत आहे काय, पक्ष्यांच्या घरट्याने वा पालापाचोळ्याने ते बुजले आहे काय, गच्चीच्या दुरुस्तीत कोणी त्यावर सिमेंट बसविले आहे काय, हे तपासावे. जुन्या बिडाच्या नळाला तडे गेले असतील किंवा सांधे सुटले असतील, तर नवी जोडणी करण्यापूर्वी त्यांची दुरुस्ती करण्यात यावी. बुजलेल्या वायुनळाला जोडलेले स्वच्छतागृह हे वायुनळ नसलेल्या स्वच्छतागृहासारखेच होय.

जोडणी कोठे करावी?

जुन्या वायुनळाचा प्रकार निश्चित झाला की जोडणीची जागा ठरविता येते. येथे तीन शक्यता संभवतात.

पहिली शक्यता, इमारतीच्या पायथ्यापासून गच्चीपर्यंत स्वतंत्र, कोरडा वायुनळ आहे. ही सर्वांत सोयीची स्थिती. नव्या भांड्यांचा वायुनळ प्रथम उभा वर न्यावा आणि त्या भांड्यांच्या काठापेक्षा उंच गेल्यावर मगच आडवा वळवून जुन्या वायुनळाला जोडावा. अमेरिकेतील नियमावल्यांत ही उंची काठाच्या वर किमान सहा इंच, म्हणजे सुमारे १५० मिलिमीटर, सांगितली आहे. बेसिनचा काठ जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असेल, तर जोड ९५ सेंटिमीटरच्या खाली नसावा. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जोड काठापेक्षा खाली असेल आणि सांडपाण्याचा नळ तुंबला, तर घाण पाणी भांड्यातून वर दिसण्याऐवजी गुपचूप वायुनळातून वाहू लागेल. तुंबा कोणाच्या लक्षात येणार नाही, आणि वायुनळ मात्र गाळाने कायमचा बुजेल.

दुसरी शक्यता, जुना वायुनळ पायथ्यापासून नसून वरच्या मजल्यावरील एखाद्या भांड्यापासून सुरू झालेला आहे. तळघराच्या वर तळमजल्यावर बेसिन असेल आणि वायुनळ तेथून निघत असेल, तर तळघरातील नवा वायुनळ तळमजल्यापर्यंत वर न्यावा लागेल आणि त्या बेसिनच्या काठाच्या १५० मिलिमीटर वर जुन्या वायुनळाला मिळवावा लागेल. बेसिनच्या खालून जाणारा नळ हा सांडपाण्याचा आहे, वायुनळाचा नव्हे. जवळ पडतो म्हणून त्यालाच टी बसवून हवेची जोडणी करण्याचा मोह कारागिराला होतो, तो टाळावयास हवा.

तिसरी शक्यता, स्वतंत्र वायुनळ नाही आणि मलनळाचे वरचे टोकच हवेसाठी उघडे आहे. अशा वेळी नवा वायुनळ इमारतीच्या बाहेरून वर नेऊन सर्वांत वरच्या मजल्यावरील भांड्याच्या जोडाच्या वरच्या बाजूस मलनळाला मिळवावा, अथवा त्याला गच्चीच्या वर स्वतंत्रपणे उघडे ठेवावे. खर्चाने दुसरा पर्याय फारसा महाग नसतो आणि पुढील देखभालीस तो सोपा जातो.

मापांविषयीही दक्षता हवी. राष्ट्रीय बांधकाम संहितेतील किमान मापे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. मुख्य वायुनळाचा व्यास ५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. मलनळाच्या शाखेवरील वायुनळ ३२ मिलिमीटरपेक्षा, तर सांडनळाच्या शाखेवरील वायुनळ त्या शाखेच्या व्यासाच्या दोन तृतीयांशापेक्षा व कोणत्याही स्थितीत २५ मिलिमीटरपेक्षा लहान नसावा. शाखेवरील वायुनळ ट्रॅपच्या माथ्यापासून ७५ ते ४५० मिलिमीटर अंतराच्या आत निघावा. ट्रॅपला अगदी खेटून घेतल्यास त्यात घाण उडते, आणि फार दूर घेतल्यास जलबंध वाचत नाही. तो आडव्या नळाच्या वरच्या अंगाने निघावा, बाजूने वा खालून नव्हे. वायुनळाचा आडवा भाग सपाट किंवा मध्येच झोळ पडलेला नसावा. आत जमणारे दवाचे पाणी सांडपाण्याच्या नळाकडे परत वाहील असा उतार त्याला द्यावा. झोळात पाणी साचले तर हवेची वाट बंद होते.

तळघराचा विशेष प्रश्न

आतापर्यंत सांगितलेले नियम तळमजला व तळघर या दोहोंना लागू आहेत. तळघरात मात्र आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो पाण्याच्या उताराचा आहे. समजा, तळघराची जमीन रस्त्याच्या पातळीपासून २.४ मीटर खाली आहे आणि बाहेरच्या चेंबरचा तळ रस्त्यापासून ९० सेंटिमीटर खोल आहे. तळघरातील सांडपाणी या चेंबरमध्ये आपोआप जाणे अशक्य आहे. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळाला ४० स एक असा उतार देण्याचा परिपाठ आहे. म्हणजे दर १० मीटर लांबीला २५ सेंटिमीटरचा उतार आणखी लागणार. तेव्हा भांडी बसविण्यापूर्वी चेंबरच्या तळाची पातळी मोजणे हे पहिले काम होय. पाचगणी-महाबळेश्वरसारख्या उताराच्या जागी एका बाजूने उघड्या असलेल्या तळघराचे पाणी खालच्या अंगाच्या चेंबरमध्ये सहज जाऊ शकते. सपाट गावात तसे होत नाही.

उतार मिळत नसेल, तर तळघरात संकलन-खड्डा करून पंपाने मैलापाणी वर चढवावे लागते. या खड्ड्यालाही वायुनळ लागतो, ही बाब अंदाजपत्रकात हमखास विसरली जाते. खड्ड्यात पाणी येते तेव्हा आतील हवेला बाहेर पडावयास हवे, आणि पंप चालू होऊन पातळी उतरते तेव्हा बाहेरील हवेला आत यावयास हवे. वायुनळ नसेल, तर ही सारी ये-जा नव्या भांड्यांच्या ट्रॅपमधूनच होईल आणि पंप चालू होताच जलबंध ओढले जातील. म्हणून खड्ड्याचे झाकण हवाबंद असावे. त्यातून वायुनळ काढून तो वर सांगितलेल्या नियमांनी जुन्या वायुनळाला मिळवावा किंवा स्वतंत्रपणे गच्चीवर न्यावा. पंपाच्या नळावर परतीचा प्रवाह रोखणारी झडप असावी आणि तो नळ रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन मगच चेंबरकडे वळवावा. वीज गेल्यावर वापर थांबविण्याची सूचना दारावर लावावी, आणि शक्य तर दुसरा पंप राखीव ठेवावा.

अतिवृष्टीत गटारे भरली की सांडपाणी उलट दिशेने येते आणि सर्वांत खालच्या भांड्यातून वर येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा दिवस विरळा असला, तरी आपल्याकडील मोठ्या पावसाच्या प्रदेशात तळघराची रचना करताना तो दृष्टीआड करता येत नाही.

बाजारात हल्ली हवा फक्त आत घेणारी एकमार्गी झडप मिळते. ती बसविली की वायुनळ गच्चीपर्यंत नेण्याची गरज नाही, असे सांगितले जाते. ओढ लागल्यावर ही झडप उघडते हे खरे, परंतु कोंडलेली हवा ती बाहेर सोडू शकत नाही. तळघरात व उभ्या नळाच्या पायथ्याशी तर कोंडलेल्या हवेचाच प्रश्न मोठा असतो. सबब, संकलन-खड्ड्यासाठी ती निरुपयोगी होय आणि मुख्य वायुनळाला ती पर्याय ठरू शकत नाही.

हाँगकाँगचा धडा

जलबंध सुकल्यास केवळ वास येतो, असे मानून चालणार नाही. २००३ च्या मार्च महिन्यात हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स या श्वसनरोगाची मोठी साथ आली. तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले आणि त्यांतील चाळीसहून अधिक दगावले. एका इमारतीत रुग्णांचे प्रमाण विशेष होते. चौकशीत आढळलेली कारणपरंपरा अशी : अनेक घरांत स्नानगृहाची जमीन पाण्याने धुण्याऐवजी पुसली जात असल्याने जमिनीवरचे ट्रॅप सुकलेले होते. स्नानगृहातील हवा बाहेर फेकणारे पंखे चालू असताना सुकलेल्या ट्रॅपमधून नळातील दूषित हवा व तुषार घरात खेचले जात होते. त्या इमारतीतील वायुनळाला तडा गेल्याचेही दिसून आले.

या घटनेत आपल्या कार्यालयांना व शाळांना लागू पडणारे दोन बोध आहेत. बंदिस्त तळघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसविताना दाराखाली वा झरोक्यातून ताजी हवा आत येण्याची सोय करावी, नाहीतर तो पंखा गटाराची हवा ओढील. आणि क्वचित वापरातील नहाणी ट्रॅपमध्ये आठवड्यातून एकदा पाणी ओतण्याचे काम कोणा एकाकडे नेमून द्यावे.

गटारातील वायूंमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो, त्यामुळे वास थांबला म्हणजे धोका टळला असे नव्हे. मिथेन हा ज्वालाग्राही वायूही त्याच्या सोबत असतो. संकलन-खड्डा किंवा सेप्टिक टाकी साफ करण्यासाठी माणसाला आत उतरविणे यामुळेच प्राणघातक ठरते. सुरक्षा साधनांशिवाय असे काम करवून घेण्यास २०१३ च्या अधिनियमाने प्रतिबंध केला आहे. अशा मृत्यूंबाबत वारसांना द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरविली होती. २०२३ मध्ये ती ३० लाख रुपये करण्यात आली. खड्ड्याला वायुनळ आहे म्हणून त्यात उतरणे सुरक्षित होते, असा अर्थ कोणीही काढू नये.

गावपातळीवर

ज्या गावांत भुयारी गटार नाही, तेथे ग्रामपंचायत कार्यालयाचे किंवा शाळेचे स्वच्छतागृह सेप्टिक टाकीला अथवा शोषखड्ड्याला जोडलेले असते. या दोहोंतील फरक ध्यानात घ्यावयास हवा. सेप्टिक टाकीत मैला पाण्याखाली कुजतो आणि वायू निर्माण होतो, म्हणून टाकीला वायुनळ अत्यावश्यक आहे. त्याचा व्यास किमान ५० मिलिमीटर असावा आणि टोकाला डास अडविणारी जाळी असावी. टाकी इमारतीपासून १५ मीटर वा अधिक दूर असेल, तर २ मीटर उंची पुरते. त्याहून जवळ असेल, तर वायुनळ इमारतीच्या माथ्याच्या २ मीटर वर न्यावा. उंचीत कपात करून वाचविलेल्या नळाची किंमत वर्गातील मुले वासाच्या रूपाने चुकती करतात.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाला मात्र वायुनळाची गरज नसते. खड्ड्यातील वायू भोवतालच्या मातीत जिरून जातो. तेथे भांड्याखालील जलबंध अवघा २० मिलिमीटरचा असतो आणि दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. देहूचे डॉ. मापुसकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ग्रामीण शौचालयाच्या शास्त्रीय रचनेसाठी आयुष्य वेचले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. शोषखड्ड्याला विनाकारण वायुनळ लावणे आणि सेप्टिक टाकीला तो न लावणे, या दोन्ही चुका ग्रामीण भागात दिसतात. पहिलीने पैसा वाया जातो, दुसरीने स्वच्छतागृह वाया जाते.

भिंत बुजविण्यापूर्वी

वायुनळ हा भिंतीआड जाणारा भाग असल्याने तो गाळला गेला तरी दिसत नाही. फरशी उंची आहे की साधी, हे कोणालाही कळते. वायुनळ काठाच्या वर जोडला की खाली, हे प्लास्टर झाल्यावर अभियंत्यालाही कळत नाही. म्हणून तपासणीची खरी वेळ भिंत बुजविण्यापूर्वीची आहे. शाखा अभियंत्याने त्या अवस्थेत मोजमाप घ्यावे आणि मुख्याध्यापकांनी किंवा सरपंचांनी ते प्रत्यक्ष पाहावे.

त्या वेळी विचारावयाचे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत. नव्या प्रत्येक ट्रॅपला हवा कोठून मिळणार आहे? ज्या नळाला जोडणी केली तो खरोखर कोरडा वायुनळ आहे, याची खात्री कशी केली? जोड कोणत्या भांड्याच्या काठाच्या किती वर आहे? आडव्या भागाचा उतार कोणत्या दिशेस आहे? तळघरातील खड्ड्याला वायुनळ आहे काय? गच्चीवरील टोक उघडे आहे काय, आणि ते कठड्याच्या व जवळच्या खिडक्यांच्या माथ्याहून उंच आहे काय?

चाचणीही अवघड नाही. सर्व ट्रॅप पाण्याने भरून, नळाची खालची वाट बंद करून आत धूर सोडला असता तो केवळ गच्चीवरील टोकातून निघावयास हवा. ते टोक बंद केल्यावर खोलीत कोठेही धूर दिसता कामा नये. धुराच्या साधनाची सोय नसल्यास वरच्या मजल्यावरील सर्व भांड्यांचे पाणी एकाच वेळी सोडावे आणि त्याच वेळी खालच्या नव्या भांड्यातील पाण्याकडे लक्ष ठेवावे. पाणी हलले नाही, बुडबुडा आला नाही, गुळगुळ ऐकू आली नाही, तर जोडणी योग्य झाली असे मानण्यास हरकत नाही. अंतिम देयकावर स्वाक्षरी करण्यापूर्वी ही दहा मिनिटांची पाहणी अवश्य व्हावी. जोडणीचा साधा नकाशा व चार छायाचित्रे नस्तीत ठेवल्यास पुढील दुरुस्तीच्या वेळी भिंत विनाकारण फोडावी लागत नाही.

स्वच्छतागृहे किती बांधली, याची नोंद अहवालात होते. ती वापरात किती राहिली, यावर मात्र विद्यार्थिनीची शाळेतील हजेरी, कर्मचारी महिलेचे आरोग्य आणि कार्यालयात आलेल्या वृद्ध नागरिकाची सोय अवलंबून असते. वायुनळावर होणारा खर्च एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने अल्प आहे. तो वेळीच व योग्य जागी केला, तर नव्या खोलीला कुलूप लावण्याची वेळ येणार नाही.